विक्का आणि पेगन यात फरक काय, आणि सांगलीत बसून त्यातलं काय जमतं

रील्स बघून आमच्याकडची कॉलेजची पोरं हल्ली पाश्चात्त्य पंथांचे हे दोन्ही शब्द एकाच दमात वापरतात, विक्कन काय आणि पेगन काय, सगळं सेमच, चंद्र, मेणबत्ती आणि क्रिस्टल. पण सेम नाहीये. वारकरी आणि हिंदू यांच्यात जसं आहे साधारण तसं धरा, वारकरी हिंदूच, पण म्हणून प्रत्येक हिंदूच्या गळ्यात माळ नसते.

पेगन हे मोठं नाव. ख्रिश्चन धर्म यायच्या आधी युरोपात जे देव होते, जे सण होते, नद्या-झाडांना मानायची जी पद्धत होती ती आजच्या काळात परत उभी करू बघणारे सगळे त्यात आले. जुन्या केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे ड्रुइड आले, उत्तर युरोपातल्या थोर-ओडिन या जुन्या देवांना मानणारे असात्रू आले (आइसलँडमध्ये त्यांना १९७३ मध्ये सरकारी मान्यता मिळालीय), ग्रीक देव पुजणारे आले, आणि कशातच न बसणारे, स्वतःच्या मनानं करणारेही आले. सगळ्यांचा मिळून एक ग्रंथ नाही की एक गुरू नाही. काहींना देव खरोखर आहेत असं वाटतं, काहींना ती निसर्गाचीच रूपं वाटतात, आणि दोघंही पेगनच.

विक्का त्यातलाच एक, आणि वयानं लहान. हजारो वर्षं जुना वगैरे सांगतात ते सोडून द्या. जेराल्ड गार्डनर नावाचा इंग्रज, मलायात (आजचा मलेशिया) कस्टममध्ये नोकरी करून रिटायर झालेला, तो सांगायचा की १९३९ मध्ये आपल्याला इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्ट भागात एका गटानं दीक्षा दिली. ब्रिटनचा चेटकाविरुद्धचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, १९५४ मध्ये गार्डनरचं पुस्तक आलं आणि मग बोभाटा झाला. पुढं त्याच्याच गटातल्या डोरीन व्हॅलिएंटेनं त्यातल्या प्रार्थना नीट लिहून काढल्या. म्हणजे इथं ठरलेला विधी आहे. देवी आणि शिंगवाला देव अशी जोडी, जमिनीवर वर्तुळ आखायचं, चार दिशांना चार तत्त्वांना बोलवायचं, अथामे नावाचा काळ्या मुठीचा सुरा असतो पण त्यानं काही कापत नाहीत, दिशा दाखवायला आणि वर्तुळ आखायला तो. पौर्णिमेला बैठक, वर्षाला आठ सण. गार्डनरच्या परंपरेत कव्हन म्हणजे छोट्या गटात दीक्षा घ्यावी लागते, तिच्या तीन पायऱ्या. एकट्यानं करणाऱ्यांना मोठा आधार मिळाला तो १९८८ मध्ये, स्कॉट कनिंगहॅमच्या पुस्तकामुळं. सांगली-साताऱ्यातनं कुणी विक्का करणार असेल तर बहुतेक याच वाटेनं.

आता खरी अडचण त्या आठ सणांची आहे. १ ऑगस्टला पहिल्या कापणीचा सण, नव्या गव्हाची भाकर, आणि इकडं आपण सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पुरात कृष्णा किती फुटांवर गेली ते बघत उभे. १ फेब्रुवारीच्या सणाला तिकडं मेंढ्या व्यायला लागतात आणि हिवाळा सरायला लागतो, आपल्याकडं तासगावला द्राक्षतोडणी आणि यार्डात नवी हळद. ऑस्ट्रेलियातले विक्कन सरळ सहा महिने पुढं-मागं करून घेतात, पण आपला तर वेगळाच ऋतू आहे, पावसाळा, त्याला त्या चक्रात जागाच नाही. विक्का धरायचा तर आठाचा साचा ठेवून अर्थ बदलावे लागतील. नुसतं पेगन राहायचं तर ती सक्ती नाही, पाणी चढतं तेव्हा नदीला नारळ द्या, झालं.

मग बेंदराला बैलाची शिंगं रंगवणारी आज्जी पेगन का? माझं म्हणणं, नाही. तिकडं तुटलेला धागा लोक परत जोडतायत, आज्जीचा तुटलेलाच नाही, आणि तिला तसं म्हटलं तर ती पायताण काढेल.

घरच्यांना मात्र दोन्हीत जादूटोणाच दिसतो, दाभोलकरांच्या साताऱ्यात तर विचारूच नका. २०१३ चा कायदा भोंदूगिरीवर, अमानुष प्रकारांवर आणि फसवणुकीवर आहे, घरात मेणबत्ती लावून प्रार्थना करण्यावर नाही. पण 'विक्का वशीकरण, गॅरंटीड' असं कुणी विकत असेल तर तो भोंदूच, आणि विक्काच्या स्वतःच्या नियमातही बसत नाही, कारण त्यांचा मूळ नियमच असा की कुणाला इजा होत नसेल तर हवं ते कर, आणि दुसऱ्याच्या मनावर ताबा ही इजाच.

निवडायचं कसं? आधी काही विकत घेऊ नका. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथं घाटावर बसा, वर्षभर दर पौर्णिमेला, आणि काय बदललं ते वहीत लिहा. गप्प बसून पुरेसं वाटलं तर विक्काची गरज नाही, आपलं आपलं करा. शब्द हवेत, क्रम हवा, देवीला हाक मारावी वाटतीय असं झालं तर विक्का वाचायला घ्या. आणि ऑनलाइन दीक्षा देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ ब्लॉक करा, गार्डनरच्या परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत.