खासगी विहीर आणि सेप्टिक टँक : परवानगी व तपासणी (महाराष्ट्र)

घराच्या आवारातली विहीर किंवा बोअर आणि संडासाची टाकी एकाच जमिनीत असतात. पण त्यांचे कायदे वेगळे आणि कचेऱ्याही वेगळ्या.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्या जमिनीखालचे पाणी उपसणे हा जमीनमालकाचा हक्क मानला जातो. त्याला १९९३ च्या राज्य कायद्याने कात्री लावली : पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदता येईना. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ ने अधिसूचित (शासनाने या कायद्याखाली जाहीर केलेल्या) क्षेत्रात शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आणि बोअर मारणाऱ्यांना नोंदणी लावली. व्यवहार मात्र बऱ्याचदा असा : पाणाड्या नारळ तळहातावर धरून जागा दाखवतो, रात्री गाडी येते, सकाळी केसिंग पाईप तेवढा वर दिसतो.

सेप्टिक टँकला वेगळी परवानगी नसते. ती बांधकामाच्या नकाशाबरोबर मंजूर होते. मोजमापे भारतीय मानक २४७० मध्ये आहेत : रुंदी किमान ७५ सेंमी, पाण्याची खोली किमान १ मीटर, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा. गोम इथेच आहे. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. गुंठेवारीच्या चौकोनी प्लॉटवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजले तरी हे अंतर बसत नाही, आणि शेजाऱ्याचा शोषखड्डा आपल्या नकाशावर नसतोच. कोकणातल्या सच्छिद्र जांभ्यात तर मैलापाणी आडापर्यंत सहज झिरपते.

गावातल्या सार्वजनिक उद्भवांची पावसाळ्याआधी व नंतर पाहणी होऊन पाणी दूषित होण्याचा धोका किती यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. खासगी आडाचा नमुना मालकाने स्वतःहून प्रयोगशाळेत नेला तरच तपासला जातो. टाकीचेही तेच, तुंबेपर्यंत तिची आठवण होत नाही. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या ठरवून उपसण्याची पद्धत सुरू केली, हा अपवाद. संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा गाडीच्या पंपानेच व्हायला हवा. गाडी दारात आली की बऱ्याच घरांत पहिला प्रश्न निघतो तो झाकणाचा : ते नव्या फरशीखाली गेलेले असते.