पुसण्याआधी पाणी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नवी कोरी काळी गाडी घेऊन कोणीतरी येतं आणि विचारतं, "घर ते ऑफिस एवढीच चालते हो. मग हे ओरखडे आले कुठून?" आम्ही गाडी शेडमध्ये घेतो आणि मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरतो. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. टॉर्च सरकवला की वर्तुळंही त्याच्यामागे सरकतात, कारण मुळात ती वर्तुळं नसतातच. सगळ्या दिशांना गेलेले हजारो बारीक चरे असतात. त्यांतले प्रकाशाला आडवे पडणारे तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल दिसतात. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, फक्त लपून राहतात.

हे चरे पडतात पार्किंगमध्ये, रोज सकाळी, फडक्याने.

गाडीवरची धूळ मऊ वाटते, पण तिच्यात वाळूचे बारीक कण असतात. वाळूतलं क्वार्ट्झ चाकूच्या पात्यालाही चरा पाडेल इतकं टणक असतं. गाडीच्या रंगाची त्यापुढे काय कथा! वर कोरडं फडकं फिरवलं की आपण आपल्या हाताने गाडीला पॉलिश पेपर मारतो. सिग्नलला मिळणारं पिवळं फडकं असो की लांब दांड्याचा मऊ मॉप, धूळ कोरडी असेल तर दोन्ही सारखेच. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या दादांना दोष देण्यात अर्थ नाही. एका बादलीत त्यांना दहा-बारा गाड्या उरकायच्या असतात, आणि तुमच्या गाडीपर्यंत पोचेस्तोवर त्या पाण्यात आधीच्या गाड्यांची माती बसलेली असते. त्यांना तुमच्या गाडीची म्हणून दोन मायक्रोफायबर फडकी द्या आणि सांगा, "रोज फक्त काचा पुसा. बाकी गाडी आठवड्यातून एकदा, भरपूर पाणी मारून." धुळकट गाडी बघवत नाही हे कळतं. पण धूळ नुसती बसून राहिल्याने रंगाचं फारसं बिघडत नाही, ती घासल्याने बिघडतं.

रंग किती जाड असतो?

झेरॉक्सचा एक कागद बोटांत धरून बघा. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून जाडी साधारण तेवढीच भरते, शंभर-सव्वाशे मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चकाकी त्याचीच आणि खालच्या रंगाला उन्हापासून राखणाराही तोच. रबिंग-पॉलिश म्हणजे हा थर थोडासा घासून चऱ्यांच्या तळापर्यंत सपाट करणं. एकदा नीट केलं तर गाडी आरशासारखी दिसते. दर सर्व्हिसिंगला "रबिंग पण मारून द्या" म्हणत गेलात, तर काही वर्षांत टपावरून सालपटं निघायला लागतात. मग पॉलिशचा उपयोग नाही, रंगच मारावा लागतो.

ओरखडा किती खोल आहे ते घरच्या घरी कळतं. त्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर पॉलिशने बहुतेक जाईल. अडकलं तर तो क्लिअर कोटच्या पार गेला असण्याची शक्यता जास्त. तिथे टच-अप लागेल. टूथपेस्ट घासण्याचे व्हिडिओ बघून कृपया प्रयोग करू नका. टूथपेस्ट हेही एक प्रकारचं रबिंगच, फक्त दातांसाठी बनवलेलं.

घरी धुताना

गाडी सावलीत घ्या आणि बॉनेटवर तळहात ठेवून बघा. चटका बसत असेल तर थांबा, नाहीतर साबण गाडीवरच वाळतो. आधी चाकं धुवा, कारण सगळ्यात घाण तिथे असते आणि चाकांचं फडकं परत बॉडीला लावायचं नसतं. मग टपापासून खाली भरपूर पाणी सोडा. प्रेशर पंप असेल तर नोझल फूटभर तरी लांब ठेवा. जिथे रंगाचा टवका उडालाय तिथे अगदी जवळून मारलं तर तो आणखी उचकटतो.

बादल्या दोन घ्या, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. मिट (हातात घालायचा धुण्याचा मऊ मोजा) किंवा फडकं गाडीवरून फिरवलं की आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. शेवटी साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा, ही सगळी माती एरवी तुमच्या गाडीवर फिरली असती. हात सरळ रेषेत चालवा, गोल गोल नको. दारांच्या खालची पट्टी सगळ्यात शेवटी. फडकं जमिनीवर पडलं तर ते आजच्यापुरतं बाद.

शाम्पू गाडीचाच वापरा. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढायला बनवलेलं असतं, त्यामुळे रंगावर लावलेलं वॅक्सही धुऊन नेतं. बादलीत झाकणभर रॉकेल टाकायची जुनी पद्धत अजून दिसते. त्याने तासभर चकाकी येते, मग त्याच तेलकट थरावर दुप्पट धूळ चिकटते आणि दारांचं रबरही खराब होतं. रॉकेलचा आम्हाला मान्य असलेला उपयोग एकच: नव्या रस्त्यावरून उडालेले डांबराचे ठिपके. फडक्याचं टोक रॉकेलमध्ये भिजवून ठिपक्यावर हलकं टेकवायचं, विरघळला की टिपून घ्यायचा आणि ती जागा लगेच शाम्पूने धुवायची.

धुऊन झालं की गाडी आपोआप वाळू देऊ नका, बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर मुळीच नाही. थेंब वाळतो आणि क्षाराचा पांढरा गोल मागे राहतो. मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरवून पाणी टिपून घ्या. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन सावलीत लावा, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवा. जुने डाग रंगात उतरलेले असतात. ते आमच्याकडे आणा.

झाडं, पक्षी आणि सण

मोहराच्या दिवसांत आंब्याखाली लावलेल्या गाडीवर बारीक चिकट ठिपके पडतात. लोक त्याला झाडाचा चीक समजतात, पण बहुतेक वेळा तो मोहरावरच्या तुडतुड्यांचा गोड स्राव असतो. कोमट पाण्याने सहज निघतो. राहू दिला तर त्यावर धूळ बसून काळपट थर धरतो. जांभळाखाली तर दुहेरी मार: वरून जांभळं आणि जांभळं खाल्लेल्या पक्ष्यांची शीट. शीट आम्लयुक्त असते आणि उन्हात तापलेल्या बॉनेटवर एका दुपारीत खूण उमटवू शकते. ओला टिश्यू तिच्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा आणि मग अलगद उचला. घासायचं नाही, तिच्यात बियाही असतात. हे एक काम मात्र रविवारपर्यंत ठेवायचं नाही.

विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल पडला तर हाताने झटकू नका. पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊन काढा. रंगपंचमीलाही तेच.

दसऱ्याला गाडीची पूजा करायचीच, आम्हीही करतो. पण स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढा. हळदीचा डाग उन्हाने फिका पडत जातो. बाजारच्या कुंकवात बऱ्याचदा रंग मिसळलेला असतो, तो पांढऱ्या गाडीवर गुलाबी सावली ठेवून जातो. झेंडूचा हार दोऱ्यात ओवलेला घ्या. तारेत ओवलेला हार हायवेवर बॉनेटवर कसा आपटतो, त्याचे चंद्रकोरीसारखे चरे आम्ही दर दसऱ्यानंतर बघतो.

कोटिंगबद्दल

वॅक्स आणि टेफ्लॉन काही महिने टिकतात, खर्च कमी. सिरॅमिक कोटिंगचा थर अगदी पातळ असतो. त्यावरून पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं, चकाकी टिकते. दगड किंवा किल्लीचा ओरखडा ते अडवत नाही. जाहिरातीतलं "९ एच" हा पेन्सिलीने ओरखडून टणकपणा बघायच्या चाचणीचा आकडा आहे, हिऱ्याच्या जवळपासच्या टणकपणाचा नव्हे. दगडांपासून खरा बचाव हवा असेल तर पीपीएफ, म्हणजे दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. ती महाग पडते, म्हणून नेहमी हायवेवर असाल तर निदान बॉनेट आणि पुढच्या बंपरला लावा. गाडी रोज कोरडी पुसली जाणार असेल, तर आधी पुसणं बंद करा, कोटिंगचं नंतर बघू.

धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका. वारा सुटला की कव्हरच घासत बसतं. नवा रंग मारलेल्या भागावर महिनाभर तरी वॅक्स नको.

पॉलिश सुचवण्याआधी आम्ही मीटरने रंगाची जाडी मोजून तुम्हाला आकडा दाखवतो (प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर चालत नाही). आकडा कमी आला तर पॉलिश करत नाही, कितीही आग्रह केलात तरी. येताना डिकी रिकामी करून आणा. आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक असेल, तर आम्ही विचारल्याशिवाय पुसत नाही.