लाईन गेली आणि फाईल शून्य बाइटांची झाली

खरिपाच्या तोंडावर कृषी केंद्रांतून बियाण्याची आणि खताची उधारी सर्वांत जास्त लिहिली जाते, आणि आमच्या दारव्हा-दिग्रस भागात नेमक्या याच दिवसांत आभाळ गडगडले की लाईन जाते. लाईन परत आल्यावर संगणक सुरू होतो, उधारीची फाईल जागच्या जागी दिसते, नावही तेच असते, पण आकार शून्य बाइट असतो. मग कोणी म्हणतो व्हायरस आला, कोणी महागडे अँटीव्हायरस घ्यायला सांगतो, तर कोणी संगणकाला लिंबू-मिरची बांधतो. लिंबू-मिरचीला डिस्कवरचा एक बिटही हलवता येत नाही आणि जिथे व्हायरस नाहीच, तिथे अँटीव्हायरसचाही उपयोग नाही. फाईल रिकामी होण्याची कारणे अनेक असू शकतात. त्यांतले एक लिनक्स या संगणक-प्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आणि यंत्र यांच्यामध्ये काम करणाऱ्या तिच्या गाभ्यात, २००९ साली सापडले, दुरुस्तही झाले, आणि ती दुरुस्ती इतकी नेमकी आहे की ती मुळातून समजून घ्यावी असे मला फार वाटते.

‘सेव्ह’ केले म्हणजे मजकूर डिस्कवर गेला, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रोग्रॅमने दिलेला मजकूर कर्नल आधी रॅममधल्या ४,०९६ बाइटांच्या पानांत ठेवतो आणि लगेच ‘काम झाले’ असे कळवतो. डिस्क रॅमच्या मानाने फार मंद असल्यामुळे प्रत्यक्ष लेखन मागाहून, साधारणपणे पान ३० सेकंद जुने झाल्यावर होते. शिवाय सावध प्रोग्रॅम जुन्या फाईलवर थेट लिहीत नाहीत; ते नवा मजकूर तात्पुरत्या नावाच्या फाईलमध्ये लिहितात आणि मग तिचे नाव बदलून तिला जुन्या फाईलच्या जागी बसवतात. मध्येच वीज गेली तर जुनी फाईल तरी शाबूत राहील किंवा नवी तरी मिळेल, ही त्यामागची अपेक्षा असते.

नावातला बदल आधी जर्नलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्याच एका नोंदवहीत, नोंदला जातो. तलाठ्याकडे जमिनीचा व्यवहार आधी फेरफार नोंदवहीत चढतो, प्रमाणित होतो आणि मगच सातबारा बदलतो, तसेच इथे आहे: बदल आधी जर्नलमध्ये पक्का होतो, मग डिस्कवरच्या मूळ जागी उतरतो. ईएक्सटी-३ या लिनक्सच्या जुन्या फाईल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाईली मांडण्याच्या पद्धतीत, जर्नल दर ५ सेकंदांनी पक्के होत असे आणि एक नियम होता: ज्या फाईलला डिस्कवरचे ब्लॉक, म्हणजे जागेचे ठरावीक तुकडे, नेमून दिले आहेत, तिचा मजकूर त्या ब्लॉकमध्ये उतरल्याशिवाय जर्नलमधली नोंद पक्की करायची नाही. ब्लॉक लिहितानाच नेमले जात असल्यामुळे नाव बदलण्याची नोंद पक्की होईपर्यंत मजकूर आपोआप डिस्कवर पोचत असे.

डिसेंबर २००८ मध्ये कर्नल २.६.२८ सोबत ईएक्सटी-४ ही नवी फाईल सिस्टिम स्थिर म्हणून जाहीर झाली. तिने ब्लॉक नेमण्याचे काम अगदी शेवटपर्यंत, म्हणजे मजकूर डिस्ककडे पाठवण्याच्या क्षणापर्यंत, लांबवले. तोपर्यंत फाईल किती मोठी आहे हे कळलेले असते, त्यामुळे तिला सलग जागा देता येते. आणि जी तात्पुरती फाईल त्याआधीच पुसली जाते, तिच्यासाठी डिस्कला हातही लावावा लागत नाही. कल्पना उत्तमच आहे. पण जुना नियम शब्दशः तसाच राहिला आणि त्याचा परिणाम मात्र नाहीसा झाला. ब्लॉकच नेमलेले नसल्यामुळे जर्नलला थांबण्याचे कारण उरले नाही. पाचव्या सेकंदाच्या आसपास नावातला बदल पक्का होई. मजकूर मात्र तिसाव्या सेकंदापर्यंत रॅममध्येच पडून राही. मधल्या काळात वीज गेली की जुनी फाईल गेलेली आणि ते नाव अशा आयनोडकडे (फाईलचा आकार आणि जागा सांगणाऱ्या नोंदीकडे) बोट दाखवणारे, ज्यात एकही ब्लॉक नाही आणि आकार शून्य.

२००९ च्या सुरुवातीला उबुंटू ९.०४ या लिनक्सवर आधारित प्रणालीची चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांनी, संगणक अचानक बंद पडल्यावर केडीई आणि ग्नोम या डेस्कटॉपच्या प्रोग्रॅमांच्या सेटिंगच्या फाईली रिकाम्या झाल्याच्या तक्रारी केल्या. ईएक्सटी-४ चे मुख्य विकासक थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे की, मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री हवी असेल तर प्रोग्रॅमने एफसिंक ही आज्ञा द्यावी. प्रणालीने प्रोग्रॅमशी कसे वागावे हे ठरवणारे पॉसिक्स मानक त्याशिवाय कसलीच हमी देत नाही. मानकापुरते ते बरोबरच होते. पण ईएक्सटी-३ वर एका फाईलसाठी एफसिंक केले तरी बाकीच्या फाईलींचा साचलेला मजकूरही लिहावा लागे आणि संगणक अडखळे, म्हणून प्रोग्रॅमरांनी ती आज्ञा टाळण्याची सवय लावून घेतली होती. हजारो प्रोग्रॅम बदलण्यापेक्षा कर्नलनेच हा भार उचलावा, हे मला अधिक न्याय्य वाटते, आणि त्सो यांनीही शेवटी तेच केले.

दुरुस्ती अशी: नाव बदलताना एखादी जुनी फाईल हटवली जात असेल, तर नव्या फाईलचे लांबणीवर टाकलेले ब्लॉक तिथल्या तिथे नेमायचे आणि लेखन सुरू करून द्यायचे. प्रोग्रॅमला ते पूर्ण होईपर्यंत थांबवून ठेवायचे नाही, म्हणजेच हे एफसिंक नव्हे. ब्लॉक नेमले गेले की जर्नलचा जुना नियम पुन्हा लागू होतो आणि मजकूर उतरेपर्यंत नोंद पक्की होत नाही. फाईल आधी शून्यावर कापून त्याच नावाने पुन्हा लिहिणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी हीच कृती फाईल बंद करताना केली जाते. जून २००९ मधल्या कर्नल २.६.३० पासून हे वर्तन ठरलेलेच आहे. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच असल्यामुळे आणि कित्येक फोनांत ईएक्सटी-४ वापरली गेल्यामुळे, गावातल्या खिशांतही ही दुरुस्ती पोचली.

पहिल्यांदाच तयार केलेल्या, म्हणजे कुठल्याही जुन्या फाईलची जागा न घेणाऱ्या फाईलला हे संरक्षण लागू होत नाही. तिथे प्रोग्रॅमने एफसिंक केले नसेल, तर मजकूर अर्धा मिनिट रॅममध्येच राहू शकतो आणि तेवढ्या वेळात लाईन गेली तर तो जातो. म्हणून कृषी केंद्रातल्या संगणकाला तासभर चालणाऱ्या इन्व्हर्टरची ऐपत नसली, तरी दोन-चार मिनिटे तग धरणारा, चालू बॅटरीचा यूपीएस असावा. संगणक रीतसर बंद करायला तेवढा वेळ पुरतो, आणि बंद होताना कर्नल साचलेला सगळा मजकूर डिस्कवर उतरवतो.