भिंतीत मुरलेलं इंधन आणि लेसरचा हिशेब

जेट हे संलयनाचं, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढण्याचं, प्रायोगिक यंत्र. त्याचं नाव निघालं की १९९७ सालचा १६ मेगावॉटचा विक्रम सांगितला जातो. त्याच प्रयोगमालिकेतला दुसरा एक आकडा मात्र फारसा कोणाच्या तोंडी नसतो. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ कल्हमला असलेलं हे यंत्र टोकामॅक जातीचं: कडीसारख्या भट्टीत प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकांनी कोंडून ठेवणारं. त्यात तेव्हा इंधन म्हणून सुमारे ३५ ग्रॅम ट्रिटियम सोडलं गेलं. मालिका संपली तेव्हा त्यातलं साडेअकरा ग्रॅम आतच होतं. बरीच साफसफाई झाली, तरी सहाएक ग्रॅम काही केल्या हटलं नाही.

साडेअकरा ग्रॅम म्हणजे तीन चमचे साखरेएवढं वजन, त्याचं एवढं काय? ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन. अर्धायुष्य १२.३ वर्षं, निसर्गात जवळजवळ नाहीच. मिळतं ते मुख्यतः जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून. भिंतीत अडकलेलं ट्रिटियम इंधन म्हणून वाया जातं, आणि अपघातात भट्टीत हवा शिरली तर बाहेर पडू शकतं. म्हणून परवाना देतानाच आत किती साचू द्यायचं ते ठरवून दिलेलं असतं. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या टीएफटीआर या टोकामॅकमध्ये ही मर्यादा दोन ग्रॅमची होती.

गुन्हेगार होता कार्बन. तापमान सोसण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही नव्हतं, म्हणून भिंतीला त्याच्या फरशा. पण हायड्रोजन कार्बनला कुरतडतो. निघालेला कार्बन हायड्रोजनला बरोबर घेऊन दुसरीकडे जाऊन बसतो आणि थरावर थर चढत जातात. डायव्हर्टर ही टोकामॅकची मोरी. प्लाझ्मातला कचरा तिथून बाहेर काढतात. जेटच्या या मोरीत, आतल्या अंगाला, पाण्याने थंड ठेवलेल्या तिरप्या पट्ट्या होत्या. प्लाझ्मा तिथे पोहोचतही नव्हता, तरी नेमके तिथेच थर जमले, पापुद्रे सुटले आणि खाली पडले. स्वयंपाकघरातली चिकट काजळीही चुलीवर नाही, कोपऱ्यात आणि फडताळामागेच साचते.

हे मोजायचं कसं? एक रीत वाण्याच्या वहीची: आत किती वायू सोडला, बाहेर किती आला, उरलेला भिंतीत. पण दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून छोटा आकडा काढताना मोजमापातली बारीक चूकही उत्तर बिघडवते. दुसरी रीत शवविच्छेदनाची: यंत्र बंद करायचं, फरशा काढायच्या आणि प्रयोगशाळेत तापवून वायू मोजायचा. उत्तर पक्कं मिळतं, पण फार उशिरा. कुठल्या दिवसाच्या प्रयोगाने किती भर घातली हे तोवर कळण्यापलीकडे गेलेलं असतं.

लेसर या क्षेत्राला नवा नव्हता. १९६९ मध्ये कल्हमचेच शास्त्रज्ञ ऐन शीतयुद्धात लेसर घेऊन मॉस्कोला गेले होते आणि रशियन टोकामॅकमधला प्लाझ्मा खरोखरच कोटीभर अंश तापतो हे मोजून आले होते. प्लाझ्माकडे रोखलेला लेसर भिंतीकडे वळायला मात्र बराच काळ लागला.

इथे दोन वाटा निघाल्या. पहिलीत लेसरचा काही नॅनोसेकंदांचा स्पंद भिंतीवर मारायचा. कणभर पदार्थ उडतो, ठिणगी पडते आणि तिच्या उजेडातल्या वर्णरेषांवरून मूलद्रव्यं ओळखायची. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.२८ नॅनोमीटरवर, त्याच्या जड भावंडाची, ड्युटेरियमची, ६५६.१० वर, ट्रिटियमची ६५६.०४ वर. रेषांच्या अशाच सरकण्यावरून हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये ड्युटेरियम शोधलं होतं, युक्ती जुनीच. अडचण ही की हवेचा दाब जास्त असला की रेषा फुगतात, आणि ०.०६ नॅनोमीटरचं अंतर त्यात बुडून जातं.

दुसरी वाट सौम्य. जर्मनीत युलिशच्या टेक्सटॉर टोकामॅकवर ती घडली. मिलिसेकंदांचा स्पंद, काही मिलिमीटरांचा ठिपका. पृष्ठभाग उडवायचा नाही, फक्त भाजायचा. मुरलेला हायड्रोजन बाहेर येतो, कडेच्या प्लाझ्मात शिरून चमकतो आणि त्या चमकेवरून त्याचं प्रमाण काढतात. प्लाझ्मा चालू असतानाच मोजता येतं, ही खरी कमाई.

दरम्यान भिंतच बदलली. २०११ मध्ये जेटला बेरिलियमची भिंत आणि टंगस्टनचा डायव्हर्टर बसवला, आणि अडकणारं इंधन दहापटीहून जास्त घटलं. आपला देशही भागीदार असलेल्या फ्रान्समधल्या इटर या संलयन प्रकल्पात भट्टीच्या आत साचणाऱ्या ट्रिटियमसाठी एक किलोची सुरक्षा-मर्यादा धरली आहे. मोजमापातली अनिश्चितता आणि पंपांत अडकणारं ट्रिटियम लक्षात घेऊन प्रत्यक्ष कामासाठी ७०० ग्रॅमचीच. मधल्या ३०० ग्रॅमपैकी बराच भाग म्हणजे मोजणाऱ्यावरच्या अविश्वासाची किंमत, असं मला वाटतं. इटरने २०१३ मध्ये कार्बन सोडला आणि २०२३ मध्ये बेरिलियमऐवजी टंगस्टनच्या भिंतीचा पर्याय पुढे आणला.

जेटच्या शेवटच्या वर्षी, २०२३ मध्ये, भाजण्याची रीत ट्रिटियम असलेल्या भिंतीवर चालवली गेली. सुटलेला वायू त्याच्या रेणूंच्या वजनावरून ओळखला. २०२४ मध्ये, यंत्र कायमचं बंद झाल्यावर, ठिणगीचं उपकरण दूरनियंत्रित हाताला बांधून आत पाठवलं आणि आठशेहून जास्त जागा तपासल्या. भिंतीचे नमुने बाहेर काढून प्रयोगशाळेतल्या आकड्यांशी ताळा जुळवायचा, हे त्यापुढचं काम. फरशांमधल्या फटी तेवढ्या उरतात. सरळ रेषेत जाणारा किरण तिथे वळून शिरत नाही.