ओळखीशिवाय मिळणारी खोली : मध्यम दराच्या चेन हॉटेलांची पार्श्वभूमी

अंधेरी, साकीनाका, ठाणे, वाशी, नाहीतर पुण्यात पिंपरी-हिंजवडी. या भागांतल्या मध्यम दराच्या कुठल्याही चेन हॉटेलात गेलात तर काउंटरवर दोनच गोष्टी मागतात, आधार कार्ड आणि पैसे. पाच मिनिटांत हातात प्लास्टिकचं कार्ड येतं. वर खोलीत पांढरी चादर, भिंतीला लावलेलं अरुंद टेबल, पाणी उकळायची किटली, शेजारी चहा-कॉफीच्या पुड्या आणि दोन कप. नांदेडहून आलेल्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीला जी खोली मिळते, तीच मुलाखतीला आलेल्या साताऱ्याच्या मुलीला मिळते.

यात विशेष काय, असं कोणी म्हणेल. पण कुणाची ओळख नाही, चिठ्ठी नाही, गाव-आडनावाची चौकशी नाही, आणि तरी मोठ्या शहरात ठरलेल्या दरात ठरलेली खोली मिळते, ही गोष्ट आपल्याकडे नवी आहे. माझ्या मते या हॉटेलांचा इतिहास तिथून सांगायला हवा. रंगसंगती आणि बुफे नाश्ता नंतर.

मुंबईला जायचं म्हणजे मावशीकडे, काकांकडे किंवा गाववाल्याच्या खोलीवर उतरायचं, ही रीत अजूनही संपलेली नाही. नातेवाईक नसतील तर धर्मशाळा. ती बहुधा एखाद्या ज्ञातीची किंवा पंथाची, आणि दारातला पहिला प्रश्न त्यालाच धरून असायचा. वरच्या टोकाला काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल होतं, फक्त युरोपियनांसाठी. (जमशेटजी टाटांना तिथे नाकारलं म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही गोष्ट सगळे सांगतात, पण तिला भक्कम पुरावा नाही.) ताज १९०३च्या डिसेंबरात सुरू झालं. तिथे भारतीय माणसाला मज्जाव नव्हता, पण दर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

मधली जागा लॉजिंग-बोर्डिंगने भरून काढली. क्रॉफर्ड मार्केटसमोरचं सरदारगृह हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचं निधन झालं तेही तिथेच. देशभर ओळखल्या जाणाऱ्या पुढाऱ्याचे अखेरचे दिवस घरी न जाता एका लॉजच्या खोलीत गेले, यावरून त्या काळच्या शहरी जीवनात अशा जागांचं स्थान केवढं होतं ते कळतं. पण लॉजसुद्धा माणूस पाहून चालत. ‘हिंदू लॉज’, ‘ब्राह्मणांची खानावळ’ अशा पाट्या उघड लागत, आणि ज्याच्यासाठी पाटी नव्हती त्याने कुठे जायचं याचं उत्तर शहराकडे नव्हतं.

ते उत्तर नसणं म्हणजे काय, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९१७ साली न्यूयॉर्क आणि लंडनचं शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न हाच की राहायचं कुठे? हिंदू हॉटेल आपल्याला घेणार नाही हे त्यांना माहीत होतं. शेवटी पारशांसाठी चालणारी एक सराय सापडली. चालकाला गिऱ्हाईक हवं होतं. पारशी नाव लावून नोंद करायची आणि राहण्या-जेवणाचा दिवसाला दीड रुपया द्यायचा, असं ठरलं. वरच्या मजल्यावर एक लहान निजायची खोली, लागून नळ असलेली छोटी न्हाणी, आणि बाकीचा मजला म्हणजे अडगळीने भरलेला दिवाणखाना. वीज नाही, एक कंदील. दुसरा प्रवासी कोणी नाही. परदेशात चार वर्षं काढलेला हा विद्वान रात्री त्या अंधारात पुस्तकात डोकं घालून बसे.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत होते, तोच दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण, आमची सराय बाटवलीस, संध्याकाळपर्यंत चालता हो. बाबासाहेबांनी आठवड्याची मुदत मागितली, ती मिळाली नाही. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं. एकाने सांगितलं की तू आलास तर माझे नोकर निघून जातील, दुसऱ्याने बायकोला विचारावं लागेल म्हटलं. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी बडोद्याच्या कमाठी बागेत काढले आणि नोकरी सोडून ते परतले. दीड रुपया खिशात होता, तो द्यायची तयारीही होती. तरी खोली मिळाली नाही.

गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली ती याच कारणाने. इतरांच्या धर्मशाळांत ज्यांना थारा नव्हता त्या वारकऱ्यांसाठी. पुढे १९४९मध्ये त्यांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. आणि १९५०च्या राज्यघटनेत पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमात दुकानं आणि उपाहारगृहांच्या बरोबरीने हॉटेलांचाही स्पष्ट उल्लेख आला : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कुणालाही मज्जाव करता येणार नाही. १९५५च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने धर्मशाळा आणि सराया शिक्षेच्या कक्षेत आणल्या. हॉटेलच्या काउंटरवर आज जी चौकशी होत नाही, तिच्यामागे हा कायदा उभा आहे. एवढा तपशील मी मुद्दाम दिला, कारण हॉटेल व्यवसायाच्या इतिहासात तो सहसा सापडत नाही.

खोलीचा साचा मात्र अमेरिकेतून आला. एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ साली बफलो शहरात हॉटेल उघडलं आणि जाहिरात केली, दीड डॉलरात खोली आणि स्वतंत्र न्हाणीघर. त्या काळी खोलीला जोडून न्हाणीघर ही श्रीमंतांची चैन होती. स्टॅटलरनी ती स्वस्त केली ती नळाच्या हिशोबाने. शेजारच्या दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बांधायची, आणि पाण्याचे, सांडपाण्याचे पाइप एकाच उभ्या पोकळीतून सगळ्या मजल्यांना न्यायचे. आजही बहुतेक चेन हॉटेलांत दारातून आत शिरताच एका हाताला बाथरूम लागतं आणि पलंग पुढे खिडकीकडे असतो, त्यामागे हीच किफायत आहे. दाराजवळ दिव्याचं बटण आणि खोलीत टेलिफोन या सोयीही त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना दिल्या.

दुसरं नाव मेम्फिसचे बांधकाम व्यावसायिक केमन्स विल्सन. १९५१ साली बायको आणि पाच मुलांना घेऊन ते मोटारीने वॉशिंग्टनला गेले. वाटेतल्या मोटेलांत खोलीचं भाडं वेगळं आणि प्रत्येक मुलामागे दोन डॉलर वेगळे. खोल्याही कुठे बऱ्या, कुठे कळकट. वैतागलेल्या विल्सननी प्रवासातच टेप काढून खोल्या मोजायला सुरुवात केली, आणि १९५२च्या ऑगस्टमध्ये मेम्फिसला पहिलं हॉलिडे इन उघडलं. बारा वर्षांखालच्या मुलांना पैसे नाहीत, प्रत्येक खोलीत वातानुकूलन आणि टेलिफोन, मोटार उभी करायला फुकट जागा. पुढे १९६५मध्ये संगणकावर चालणारी आरक्षण व्यवस्था आली. एका हॉटेलच्या काउंटरवरून दुसऱ्या शहरातली खोली पक्की करता येऊ लागली. चेनला खरी ताकद आली ती या व्यवस्थेने. सत्तरच्या दशकात त्यांच्या जाहिरातीचा सूरच असा होता की आमच्याकडे तुमच्या वाट्याला अनपेक्षित असं काही येणार नाही.

पण खोल्या सारख्या झाल्या म्हणून दार सगळ्यांना उघडलं असं अमेरिकेतही झालं नाही. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे उतरता येईल याची यादी देणारी ‘ग्रीन बुक’ ही पुस्तिका १९३६पासून तीस वर्षं निघत राहिली. १९६४च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलचा मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हरला. समानता इथेही कायद्याच्या बडग्यानेच आली. युरोपात १९७४ला बोर्दो शहरात आयबिस या चेनचं पहिलं हॉटेल उघडलं, तोवर हा साचा पक्का झाला होता.

भारतात हा मधला दर्जा फार उशिरा आला. स्वतंत्र भारताच्या सरकारने दिल्लीत १९५६ साली युनेस्कोच्या परिषदेसाठी अशोक हॉटेल बांधलं. त्यापुढची कित्येक वर्षं ‘चांगलं हॉटेल’ म्हणजे परदेशी पाहुण्यांसाठीचं हॉटेल अशीच समजूत राहिली. सत्तरच्या दशकात हॉलिडे इन मुंबईत आलं ते जुहूच्या किनाऱ्यावर पंचतारांकित होऊन! मेम्फिसच्या मध्यमवर्गीय कुटुंबासाठी निघालेली पाटी इथे येताच श्रीमंतांची झाली. कारण उघड आहे. मुंबईत जागेची किंमतच इतकी की, ती घेऊन स्वस्त खोल्या बांधणं परवडत नसे. परवान्यांची रांग लांब आणि बांधकामाचं कर्ज महाग. त्यामुळे एकीकडे ताज-ओबेरॉय आणि दुसरीकडे स्टेशनजवळचे लॉज, मध्ये जवळजवळ पोकळी.

ती भरून निघाली ती फिरतीच्या नोकरदारामुळे. आयटी, विमा, दूरसंचार, औषधं या धंद्यांत १९९०नंतर जिल्ह्या-जिल्ह्यातून माणसं फिरू लागली. २००३ला एअर डेक्कन ही स्वस्त विमान कंपनी आली आणि विमानाचं तिकीट आवाक्यात आलं. पण विमानाने उतरलेल्या माणसाला कंपनीच्या भत्त्यात बसेल अशी स्वच्छ खोली मिळेना. २००४च्या जूनमध्ये टाटांच्या इंडियन हॉटेल्स कंपनीने बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये ‘इंडिवन’ नावाचं हॉटेल उघडलं. व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांच्या सल्ल्याने ते आखलेलं होतं. दर सुमारे हजार रुपये. दारवान नाही, बॅग उचलायला कोणी नाही, नोंदणी स्वतः करायची, चहा स्वतः करून घ्यायचा. त्या बदल्यात गादी चांगली, पाणी गरम, बाथरूम कोरडं. हेच पुढे ‘जिंजर’ झालं आणि पिंपरी, ठाणे, नाशिक, अंधेरी इथे पोचलं. त्याच २००४ साली पटू केसवानी यांच्या लेमन ट्री या चेनचं पहिलं हॉटेल गुडगावला सुरू झालं. २००८ला आयबिस आलं, आणि त्यातली भारतीय भागीदार इंटरग्लोब, म्हणजे इंडिगो विमान कंपनीमागचीच मंडळी.

लेमन ट्रीचं एक वेगळेपण सांगायलाच हवं. २००७पासून त्यांनी कर्णबधिर मुलामुलींना नोकरीवर घ्यायला सुरुवात केली. खोलीत शिरायचं कोणी, या प्रश्नाइतकाच काउंटरमागे उभं राहायचं कोणी हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्यावर इतक्या सातत्याने काम करणारी हॉटेलं आपल्याकडे फार नाहीत.

नंतर ओयो (२०१३), फॅबहॉटेल्स, ट्रीबो या ऑनलाइन बुकिंगच्या कंपन्यांनी जुन्याच लॉजना नवी चादर आणि नवी पाटी दिली. दर्जा कधी टिकला, कधी नाही. ‘मध्यम’ म्हणजे किती, याची सरकारी रेघ मात्र करामुळे ठरत गेली. जीएसटी आला तेव्हा हजार ते अडीच हजारांच्या खोलीवर १२ टक्के, साडेसात हजारांपर्यंत १८ आणि त्यावर २८ टक्के होते. ऑक्टोबर २०१९ला साडेसात हजारांपर्यंत १२ टक्के झाले, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून तेवढ्याच मर्यादेपर्यंत ५ टक्के. मुंबई विमानतळाजवळ खोल्यांचे दर इतके चढे आहेत की गर्दीच्या दिवसांत ‘बजेट’ पाटीखालचा भाव बघून फिरतीवरचा माणूस पुन्हा मावशीला फोन लावतो.

आणि नकार अजून पुरता गेलेला नाही. लग्न झालेलं नाही म्हणून, आधार कार्डावर त्याच शहराचा पत्ता आहे म्हणून, बाई एकटी आहे म्हणून खोली नाकारल्याचे अनुभव आजही ऐकू येतात. अविवाहित प्रौढ जोडप्याने हॉटेलात राहणं हा गुन्हा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये कोइम्बतूरच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं. तरी जानेवारी २०२५मध्ये ओयोने मेरठमधल्या आपल्या हॉटेलांना अशा जोडप्यांना नाकारण्याची मुभा दिली. स्थानिक ओळखपत्र चालणार नाही, ही अटही हॉटेलांनी स्वतःच घातलेली. तसा कायदा नाही. पंधराव्या अनुच्छेदात वैवाहिक स्थितीचा आणि राहत्या पत्त्याचा उल्लेख नाही, आणि नेमक्या त्या फटीतून काउंटरवरची चौकशी परत आत येते.