लायपोसोमल म्हणजे नक्की कोणतं अ‍ॅम्फोटेरिसिन?

2021 च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना एक अवघड नाव पाठ झालं. करोनातून उठलेल्या माणसाच्या सायनसमध्ये, डोळ्यामागे म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’चा रोग, पसरू लागला की डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे : अ‍ॅम्फोटेरिसिन बी, लायपोसोमल, 50 मिलिग्रॅम. मात्रा किलोमागे रोज 5 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. म्हणजे 60 किलोच्या रुग्णाला दिवसाला किमान सहा व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या), आणि तेही काही आठवडे. केंद्राने व्हायलचं राज्यवार वाटप हातात घेतलं, कमी पुरवठ्याचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठांसमोर गेलं, जूनमध्ये औषधावरचा जीएसटी शून्यावर आणला गेला. हे सगळं वाचकांच्या लक्षात असेल. निसटला तो चिठ्ठीवरचा ‘लायपोसोमल’ हा शब्द, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पोकळ गोलांत बसवलेलं औषध.

मेअखेरीस वर्ध्यात अ‍ॅम्फोटेरिसिनचं उत्पादन सुरू झालं. सात हजारांचं इंजेक्शन आता बाराशेत, अशा बातम्या आल्या. त्या दिवसांत ही बातमी किती मोठा दिलासा होती ते वेगळं सांगायला नको. पण वर्ध्याचं औषध होतं इमल्शन, म्हणजे तेलाच्या थेंबांत मिसळलेलं, आणि तुटवडा होता लायपोसोमलचा. दोन्ही भाव एकाच वस्तूचे असल्यासारखे शेजारी छापले गेले. यात खोटं कुणीच बोललं नव्हतं, तरी नातेवाइकांनी हातातली चिठ्ठी आणि दुकानातलं खोकं जुळवायचं कसं, हे त्यांना कुणीही नीट समजावलं नाही. मला हीच त्या काळातली मोठी चूक वाटते.

मूळ रेणू एकच. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून तो 1950 च्या दशकात मिळाला. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून पित्तातल्या क्षारासारखं डीऑक्सीकोलेट मिसळून शिरेतून देण्याची सोय झाली. हेच ‘साधं’ अ‍ॅम्फोटेरिसिन. बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला ते धरतं आणि आवरणाला भोकं पाडतं. आपल्या पेशींतल्या कोलेस्टेरॉललाही ते थोडंफार धरतं. थंडी वाजून अंग थडथड उडणं, पोटॅशियम घसरणं, मूत्रपिंड थकणं हे सगळं त्यातूनच येतं.

लायपोसोमचा शोध 1960 च्या दशकात केंब्रिजजवळ लागला. फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशींच्या आवरणात असतात तसे चरबीचे रेणू, पाण्यात फुगले की त्यांचे आपोआप पोकळ गोल बनतात. 1990 च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅम्फोटेरिसिनची तीन लिपिड (चरबीयुक्त) रूपं मंजूर झाली : 1995 मध्ये फितीसारखं लिपिड कॉम्प्लेक्स, 1996 मध्ये चकतीच्या आकाराचं, आणि 1997 मध्ये खरा, बंद गोल असलेला लायपोसोम, 100 नॅनोमीटरपेक्षा लहान. त्याच्या भिंतीत औषध घट्ट बसतं आणि बुरशीजवळ पोहोचेपर्यंत फारसं सुटत नाही. इमल्शन म्हणजे तेलाचे थेंब, तिथे अशी भिंतच नसते.

ही नुसती नावांची चर्चा नाही. लायपोसोमल किलोमागे 5 किंवा 10 मिलिग्रॅमने देता येतं, साध्या प्रकाराची मात्रा किलोमागे दीडच्या वर गेली तर हृदय बंद पडू शकतं. नावात गल्लत झाली तर जीव जातो. व्हायल तयार करण्याच्या रीतीवरूनही फरक कळतो. लायपोसोमलच्या पिवळ्या भुकटीत 12 मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचं, मग गाळणीतून डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या द्रावणात, सोडायचं. सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, चुकूनही वापरायचं नाही, त्यात औषध साकळतं. आणि आपल्याकडचं एक देशी लायपोसोमल मात्र सलाईनमध्येच मिळतं. देण्याआधी ते ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवून त्याचे कण बारीक करावे लागतात. खोक्यांवरचा शब्द तोच, आणि नर्सने करायचं काम अगदी वेगळं.

दिल्लीतल्या एका विद्यापीठीय प्रयोगशाळेत हा देशी लायपोसोम तयार झाला आणि 1990 च्या दशकात मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात त्याच्या चाचण्या झाल्या. महाराष्ट्राचं हे नातं 2021 मध्ये कुणाला आठवलं नाही, याचं वाईट वाटतं.

दोन प्रकारांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसला तो बिहारमध्ये, काळाआजारात, म्हणजे वाळूमाशीतून पसरणाऱ्या परजीवीच्या रोगात; त्यावरही हेच औषध चालतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लायपोसोमलची एकच मात्रा, किलोमागे 10 मिलिग्रॅम, दिलेले 95.7 टक्के रुग्ण सहा महिन्यांनी बरे होते. साध्या औषधाने 96.3 टक्के, पण त्यासाठी दिवसाआड पंधरा वेळा शिरेतून औषध, म्हणजे महिनाभर खाट अडलेली आणि रोजंदारी बुडालेली. 2014 पासून एका मात्रेचा उपचार देशाच्या कार्यक्रमात पहिल्या पसंतीचा झाला. पुढे इमल्शनचीही अशीच एका मात्रेत परीक्षा झाली, तेव्हा ते लायपोसोमलपेक्षा कमी पडलं.

आता एचआयव्हीबाधितांच्या क्रिप्टोकॉकल (एका बुरशीमुळे होणाऱ्या) मेंदूज्वरात 2022 पासून लायपोसोमलच्या एका मोठ्या मात्रेची, जोडीला गोळ्यांची, शिफारस आहे. लिपिडच्या गुंडाळीत बसवून तोंडाने घ्यायच्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या चाचण्या युगांडात झाल्या आहेत. आणि डिसेंबर 2021 मध्ये, म्हणजे म्युकरची लाट ओसरल्यावर, मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीला 1997 च्या त्या लायपोसोमच्या पहिल्या जेनेरिकची परवानगी अमेरिकेत मिळाली. मधली चोवीस वर्षं गेली त्यात पेटंटचा भाग होताच, पण अशा जेनेरिकला रेणू सारखा असून भागत नाही. गोलाचा आकार, भिंतीची घडण आणि औषध सुटण्याचा वेग, हे सगळं मूळ औषधाशी जुळतं हे दाखवावं लागतं.