मापाची गिटार, आयती गिटार

माझा भाचा डावखुरा आहे. इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हणून तो राजारामपुरी आणि लक्ष्मीपुरीतली दुकानं पालथी घालून आला, पण भिंतीवर टांगलेली एकही गिटार त्याच्या हाताची निघाली नाही. घरी येऊन म्हणाला, "मामा, मग बनवूनच घेतो की." माझी बहीण लगेच त्याच्या बाजूनं. तिचा मुद्दा सरळ होता : चप्पल मापाची चांगली, ब्लाउज मापाचा चांगला, मिरजेतून सांगून आणलेला तंबोरा चांगला, मग गिटारच तेवढी आयती का घ्यायची?

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे पटतंच. हातानं घडवलेलं ते अस्सल आणि कारखान्यातून आलेली ती त्याची नक्कल, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. सतारीच्या बाबतीत ते खरंही आहे. इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास मात्र जवळजवळ उलटा चालतो.

आधी मिरज, कारण ते आपल्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि आपली सगळी मोजमापं तिथूनच येतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला संस्थानिकांच्या फौजा आटल्या, तसं शिकलगारांचं तलवारींना धार लावायचं कामही आटलं. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी गवयांची बिघडलेली वाद्यं दुरुस्त करता करता तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. तो धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या कामाला कारखाना का लागला नाही, ते भोपळ्याकडे बघितलं की कळतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा शेतात वाढेल तसा वाढतो, दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून दोन तंबोरेही सारखे नसतात. बायकी आवाजाला लहान तंबोरा, मर्दानी आवाजाला मोठा. तारा टेकतात त्या घोडीवरची जवारी, म्हणजे तिचा वरचा भाग, कानानं ऐकत घासायची. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, लागेल तसे सरकवायचे. इथे माप म्हणजे वाजवणारा माणूस आणि पुढ्यात आलेला भोपळा.

इलेक्ट्रिक गिटारला भोपळाही लागत नाही आणि पोकळ पेटीही. १९३०च्या आसपास अमेरिकेतल्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि ड्रमपुढे गिटार ऐकूच येत नव्हती. जॉर्ज बोशँप या वादकानं पोलादी तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं, हाच तो 'पिकअप'. तार थरथरली की वेटोळ्यात वीज तयार होते, आणि ती ॲम्प्लिफायरला जाते. ॲडॉल्फ रिकनबॅकरच्या साथीनं १९३२ मध्ये ही गिटार बाजारात आली. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, बॉडी ओतीव ॲल्युमिनियमची, आणि आकारावरून नाव पडलं 'फ्राइंग पॅन'. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

मग हौशी उद्योगांना ऊत आला. लेस पॉल या वादकानं १९४०च्या सुमाराला चार इंच जाडीचा पाईनचा सोट घेतला आणि त्यावर तारा ताणल्या. लोकांना हा ओंडका गिटार वाटेना, म्हणून दोन्ही बाजूंना कापलेल्या गिटारचे अर्धे-अर्धे तुकडे चिकटवले. आवाजात त्यांचं काम काहीच नव्हतं, ते नुसतं नजरेच्या समाधानासाठी. या वाद्याच्या जन्मापासून दिखाऊपणा त्याच्या पाठीशी लागलेला आहे, हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

खऱ्या अर्थानं मापानं बनवलेली इलेक्ट्रिक गिटार म्हणायची तर पॉल बिग्सबीची. हा मूळचा पॅटर्नमेकर. उद्यमनगर किंवा शिरोलीत ज्यांची हयात फौंड्रीत गेली त्यांना पॅटर्नमेकर म्हणजे काय हे सांगायला नको. ओतीव धातू थंड होताना किती आकसेल याचा हिशेब धरून लाकडी नमुना तेवढा मोठा कोरणारा माणूस, धाग्याइतकी चूक न चालणारा. बिग्सबी मोटारसायकलच्या कारखान्यात हेच करायचा. १९४८ मध्ये मर्ल ट्रॅव्हिस या वादकानं त्याला कागदावर चित्र काढून दिलं : सपाट भरीव बॉडी, सहाच्या सहा खुंट्या एकाच बाजूला. बिग्सबीनं ती गिटार बनवून दिली, आणि मागाहून आलेल्यांच्याही एकेक करून बनवत राहिला. त्याची कीर्ती झाली, संख्या मात्र झाली नाही.

संख्या वाढवली ती लिओ फेंडरनं, आणि गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियात फुलरटन गावी त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओवाला वस्तूकडे बघतो तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, बिघडलं तर उघडायचं कसं? वर्षानुवर्षं गिटारचा दांडा बॉडीला सरसानं चिकटवत आले होते, आणि तो वाकला की कारागिराकडे महिनाभर पडून राहायचा. फेंडरनं दांडा चार स्क्रूंनी आवळला. खराब झाला तर चार स्क्रू काढा, नवा बसवा. १९५० मध्ये या पद्धतीची गिटार 'ब्रॉडकास्टर' नावानं निघाली. ग्रेच कंपनीच्या ड्रमना तसंच नाव होतं, म्हणून १९५१ मध्ये तिची 'टेलिकास्टर' झाली. १९५४ मध्ये 'स्ट्रॅटोकास्टर' आली. दरम्यान १९५२ मध्ये गिब्सन या जुन्या गिटार कंपनीनं लेस पॉलचं नाव देऊन आपली भरीव गिटार काढली, तिचा दांडा मात्र चिकटवलेलाच.

हे कारखान्यात जमलं त्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला फार आवडतं. गिटारचे पडदे, म्हणजे फ्रेट, सरकत नाहीत. ते कानानं नाही, हिशेबानं बसतात. तारेची उरलेली लांबी १७.८१७ नं भागायची, तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. फेंडरची तार साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर, तर पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे दांड्याच्या टोकाशी तारा जिच्या खाचांत बसतात त्या पट्टीपासून, ३६ मिलिमीटरच्या जरासा पुढे. गिब्सनची पावणेपंचवीस इंच, तिथे तो ३५ च्या आसपास. एकदा भागाकार केला की दहा हजार दांड्यांवर त्याच जागी करवत चालवा. सतारमेकरचा कान इथे गणितात उतरला आणि गणित यंत्रात.

म्हणजे आज ज्या आकारांना आपण गिटारचं मूळ रूप समजतो ते कारखान्यातच जन्मले. मापाच्या गिटारी बनवणारे त्यांनाच समोर ठेवून काम करतात. मिरजेत असं कधी झालं नाही.

पुढे कारखाना बिघडला. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडरनं कंपनी सीबीएस या अमेरिकेतल्या रेडिओ-टीव्ही कंपनीला १३० लाख डॉलरना विकली. सत्तरच्या दशकात गिटारी जड होत गेल्या, काही मॉडेलांवर दांड्याचे चार स्क्रू तीनवर आले, आणि वादक म्हणू लागले की जुन्या त्या जुन्या. इथून दोन वाटा फुटल्या. जपानी कारखान्यांनी जुन्या अमेरिकन गिटारींच्या इतक्या नेमक्या नकला काढल्या की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं खटला भरला. फेंडर कंपनीनं वेगळा मार्ग धरला आणि १९८२ मध्ये जपानमध्येच भागीदारीत उत्पादन सुरू केलं. दुसरी वाट सुट्या भागांची. एडी व्हॅन हेलन या रॉक गिटारवादकानं कारखान्यातून बाद ठरलेली बॉडी ५० डॉलरना आणि दांडा ८० डॉलरना घेतला, जुन्या गिब्सनचा पिकअप त्यात कोंबला, सायकलचा रंग फासला. फेंडरच्या चार स्क्रूंचे हे असे पांग फेडले त्यानं. दांडा सुटा नसता तर हा प्रकार झालाच नसता.

याच्याही आधी, १९६३ मध्ये, लंडनच्या ब्रायन मे या, पुढे 'क्वीन' बँडमध्ये गाजलेल्या, शाळकरी पोरानं फेंडर परवडत नाही म्हणून वडिलांच्या मदतीनं गिटार बनवायला घेतली होती, दांडा शेकोटीच्या जुन्या लाकडी चौकटीतून कोरलेला. ती तो आयुष्यभर वाजवत आला आहे. बनवून घ्यायचं कारण खिसा रिकामा असणं हेही असू शकतं. आज नेमकं उलट आहे.

उलट झालं ते १९८७ पासून. त्या वर्षी फेंडरनं स्वतःचंच 'कस्टम शॉप' काढलं. कारखान्यानं आपल्याच जुन्या मालाची हातानं केलेली प्रत विकायला घेतली, तीही कितीतरी पट दरानं. १९९५ मध्ये तर मुद्दाम झिजवलेल्या, रंग उडवलेल्या, गंज चढवलेल्या नव्या गिटारी आल्या. नवी बुलेट घेऊन शोरूममध्येच तिला चरे पाडून घ्यावेत आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत, तसला हा प्रकार. मला त्यातलं काही कळत नाही, पण घेणारे घेतात. लेस पॉलनं ओंडक्याला गिटारचे तुकडे चिकटवले होते, त्याच घराण्यातला हा धंदा.

दरम्यान यंत्रांनी हात आणि कारखाना यांतली रेघ पुसत आणली. बॉडी आणि दांडे आता संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र कोरतं, मोठ्या कारखान्यात आणि बऱ्याच एकट्या कारागिरांकडेही. आपल्या एमआयडीसीत तसली यंत्रं दिवसरात्र चालतात, त्यामुळे त्यात जादू नाही हे आपल्याला ठाऊक आहे. हात लागतो तो शेवटी : फ्रेटच्या कडा घासायला, नटच्या खाचा पाडायला, तारांची उंची लावायला. स्वस्त गिटारीत नेमकं हेच काम घाईनं उरकलेलं असतं.

लाकडाचा मामला थोडक्यात. बोटांखालची पट्टी बऱ्याच गिटारींवर वर्षानुवर्षं शिसवाची असायची. ब्राझीलच्या शिसवावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आली, पण आपल्या सह्याद्रीतही वाढणारं भारतीय शिसव त्याआधीपासूनच त्याच्या जागी येत होतं. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या जवळजवळ सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागू लागला. फेंडरनं बऱ्याच मॉडेलांवर लाकूडच बदललं. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. पट्टी कुठल्या झाडाची, यावर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं तर बरं.

वीसएक वर्षांपूर्वी मीही एक गिटार बनवून घेतली होती. दिसायला देखणी. बनवणाऱ्यानं ब्रिज, म्हणजे गिटारची घोडी, तीन मिलिमीटर नटच्या बाजूला बसवला होता, एवढंच. उघडी तार सुरात, पण बाराव्या फ्रेटवर दाबली की चढी. ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, मागे घ्यायला स्क्रू पिळत गेलो तर स्क्रूच संपला. सतार असती तर पडदा सरकवला असता. कारखान्याची असती तर त्या मापाचा ब्रिज आणून बसवला असता. ही दोन्हीकडून गेली. आता ती भिंतीवर आहे, आणि पाहुणे तिचंच कौतुक करतात.

माझी रोजची गिटार कारखान्याची आहे. जून लागला, पंचगंगेचं पाणी चढायला लागलं, की दांडा दमट हवेनं हलतो आणि तारांची उंची बदलते. दांड्याच्या पोटात पोलादी सळई असते, ट्रस रॉड, गिब्सनच्या कारखान्यात १९२०च्या दशकात निघालेली युक्ती. तिला षटकोनी चावीनं पाव फेरा दिला की झालं. चावी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, मापाची सांगावी लागत नाही.

भाच्याला मी जिमी हेंड्रिक्स या अमेरिकन गिटारवादकाचं सांगितलं. तोही डावखुरा, आणि उजव्या हाताची आयती स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून, तारा उलट क्रमानं चढवून वाजवायचा. डावखुऱ्यांच्या गिटारी कारखाने काढतात, पण थोड्या, आणि इथल्या दुकानात येतात त्याहून थोड्या. मागवली तर वाट बघावी लागणार. तोवर म्हणून त्यानं माझी उलटी धरून, तारा उलट चढवून बघितली. लगेच अडलं : नटमध्ये बारीक तारेसाठी पाडलेल्या खाचेत सहावी जाड तार बसेना, आणि जाड तारेच्या खाचेत पहिली तार खुळखुळायला लागली.

मग शनिवारी तो मिरजेला गेला आणि सतारमेकरकडून उंटाच्या हाडाचा एक तुकडा घेऊन आला, ज्यातून ते घोडीचा वरचा भाग घासतात त्यातलाच. काल रात्री बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही त्याचा नट घासत बसलो होतो. चार खाचा झाल्या आहेत. पाचवीला कानस घसरली, ती भरून पुन्हा पाडायची आहे.